बेटावर जायचंय? आधी ओहोटीची वेळ काढा

मागच्या अंकात कच्छच्या आखातातल्या सागरी राष्ट्रीय उद्यानाची ओळख छापली होती. जामनगरच्या किनाऱ्यालगतची ४२ बेटं, त्यांच्याभोवतीचे प्रवाळ, तिवरांची वनं. १९८० साली अभयारण्य आणि १९८२ साली देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान, एवढं त्यात होतं. जायचं कसं, हे नव्हतं. बडोद्याच्या वाचकांनी नेमकं तेच विचारलंय. निवडक प्रश्न आणि उत्तरं देत आहोत.

प्रश्न : आम्ही सहा जण आहोत, त्यात आठ आणि बारा वर्षांची दोन मुलं. भाऊबीज घरीच करून कार्तिक शुद्ध सप्तमीला जामनगरला पोचायचं, अष्टमीला पिरोटन बेट आणि नवमीला परत, असा बेत आहे. रेल्वेची तिकिटं काढून झाली. बोटीचं बुकिंग कुठे करायचं? (दांडिया बाजार)

बोटीचं नंतर बघू. आधी तिकिटांच्या तारखा बदला, कारण तुम्ही महिन्यातले सगळ्यांत वाईट दिवस निवडले आहेत.

अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते आणि उधाण येतं. भरती उंच चढते, ओहोटी खोल उतरते. सप्तमी-अष्टमीला ही ओढ काटकोनात असते. तो भांग. भांगाच्या दिवसांत पाणी ना धड चढत, ना धड उतरत, आणि प्रवाळाचा खडक पाण्याखालीच राहतो. म्हणजे अष्टमीला तुम्ही पिरोटनपर्यंत पोचलात तरी दिसेल ते गढूळ पाणी. आखाताचं पाणी गाळाचं असतं. लक्षद्वीपसारखं वरून तळ दिसेल, ही अपेक्षा इथे ठेवूच नका.

दिवाळी खरं तर सोयीची असते. लक्ष्मीपूजन अमावास्येला, आणि उधाणाचा जोर अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी सर्वांत जास्त असतो. म्हणजे ऐन पाडवा-भाऊबीज. पण तेव्हा घर सोडून कोण जाणार? त्यापेक्षा त्रिपुरी पौर्णिमा आणि तिच्या पुढचे दोन दिवस धरा. गुजरातच्या शाळांना बहुधा तोवर सुट्टी असते, आणि अर्जासाठी मधले दिवस मिळतात.

तिथी हा झाला कच्चा अंदाज. पक्की वेळ भरती-ओहोटीच्या कोष्टकातूनच काढायची. भारतीय सर्वेक्षण विभागाची कोष्टकं असतात, हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेच्या संकेतस्थळावरही अंदाज मिळतो. पाहताना तीन गोष्टी तपासा. पहिली, बंदर कोणतं? कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, तो हिशेब मुंबईच्या बाजूचा. आखातात तो चालत नाही. भरतीची लाट तोंडाशी ओख्याला आधी पोचते, जामनगरजवळच्या सिक्का-बेडी बंदरांकडे नंतर आणि नवलखी-कांडल्याला त्याहून उशिरा. ओख्याची वेळ बेडीला लावलीत तर गणित चुकेल. दुसरी, उंची. एका दिवसात दोन ओहोट्या येतात, पण दोन्ही सारख्या खोल नसतात. ज्या ओहोटीची उंची शून्याच्या जास्त जवळ ती चांगली, पण ती उजेडात आली पाहिजे. पहाटे चारची ओहोटी कितीही खोल असली तरी आपल्या उपयोगाची नाही. तिसरी, दुसऱ्या दिवशी तीच ओहोटी साधारण ५० मिनिटं उशिरा येते. एक दिवस राखीव ठेवलात तर त्याची वेळही आधीच लिहून ठेवा.

आता बोट. पिरोटन बेडी बंदरापासून सुमारे १२ सागरी मैल, म्हणजे २२ किलोमीटरच्या आसपास. अंतर फार नाही, अडचण खाडीची आहे. ओहोटीला खाडीत चिखल उघडा पडतो आणि बोट तळाला टेकते. म्हणून बोट भरतीच्या पाण्यावर निघते, भरतीतच बेटाला लागते, आणि पुढची भरती चढल्याशिवाय परत फिरू शकत नाही. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं. म्हणजे ‘सकाळी जाऊन दुपारच्या जेवणाला परत’ हा प्रकारच इथे नाही. एवढा वेळ बेटावर, तिथे पिण्याचं पाणी नाही, सावली जेमतेम. आठ वर्षांच्या मुलाला हे झेपेल का, ते तुम्हीच ठरवा. आमचं मत नाही असंच आहे. रात्रीचा मुक्काम तर गृहीतच धरू नका.

आणि सर्वांत महत्त्वाचं, परवानगी. पिरोटन राष्ट्रीय उद्यानात येतं, त्यामुळे वनखात्याची लेखी परवानगी लागते. सागरी सीमेचा भाग असल्याने पोलीस, कस्टम्स आणि बंदर कार्यालयाचाही संबंध येतो. निर्जन बेटांवर विनापरवाना उतरायला जिल्हा प्रशासनाची मनाई असते आणि बेटं पूर्ण बंद ठेवण्याचे आदेशही अधूनमधून निघतात. म्हणून कामाचा क्रम असा ठेवा. कोष्टकातून दोन तारखा काढायच्या, जामनगरच्या वनसंकुलातल्या सागरी राष्ट्रीय उद्यानाच्या कार्यालयात फोन करून ‘पिरोटन सध्या खुलं आहे का’ एवढंच विचारायचं, हो म्हणाले तर सगळ्यांची नावं, वयं, ओळखपत्रांच्या प्रती आणि दोन्ही तारखा देऊन अर्ज करायचा. तो मंजूर झाला की बोट आणि सर्वांत शेवटी रेल्वे. बंदरावर कोणी ‘परवानगी आम्ही बघून घेऊ, तुम्ही फक्त बसा’ म्हणाला तर त्या बोटीत बसू नका. पकडले गेल्यावर तो हात वर करील, गुन्हा तुमच्या नावावर लागेल.

बंद आहे म्हणाले, तर पुढचं उत्तर वाचा. खरं सांगायचं तर खुलं असलं तरी वाचा.

प्रश्न : उद्यानातल्या नरारा बेटावर बोटीशिवाय जाता येतं असं ऐकलं. माझं वय ६४, गुडघे थोडे कुरकुरतात. किती चालावं लागेल, पायात काय घालावं, बरोबर काय न्यावं? (निवृत्त शिक्षिका, कारेलीबाग)

येतं. पहिल्यांदा जाणाऱ्याने नराराच निवडावं. जामनगरहून खंभाळियाच्या रस्त्याने वाडीनारकडे वळायचं. साधारण ६० किलोमीटर. वनखात्याच्या नाक्यावर ओळखपत्र दाखवून, शुल्क भरून, स्थानिक वाटाड्या बरोबर घ्यायचा. वाटाड्याचे पैसे वाचवू नका. प्रवाळ कुठे, दलदल कुठे आणि परतीची वाट कोणती, हे त्याच्या पायांना माहीत असतं. शिवाय खडकाच्या कपारीतला ऑक्टोपस आपल्याला दगडच वाटतो.

आधी तिवरांचा पट्टा, मग चिखल, मग वाळू, आणि शेवटी खडक. जाऊन-येऊन दोन-तीन किलोमीटर धरा. अंतरापेक्षा जमीन त्रासाची आहे: खाचखळगे, शेवाळ, घोट्यापासून पोटरीपर्यंत पाणी. सपाट रस्त्यावर तुम्ही तासभर न थांबता चालू शकत असाल तर जमेल. गुडघ्याला पट्टा बांधा, हातात काठी घ्या, आणि काठी फक्त वाळूत टेकवा, प्रवाळावर नाही. खडकाच्या काठापर्यंत पोचून तिथेच थांबलात तरी अर्धी दुनिया दिसते, पुढे गेलंच पाहिजे असं नाही.

पायात जुने, नाडीचे कॅनव्हासचे बूट, जाड तळव्याचे. चप्पल चिखल ओढून घेतो, आणि ती काढायला वाकलात की तोल जातो. गमबूट पाण्याने भरले की प्रत्येक पाऊल दोन किलोचं होतं. अनवाणी तर मुळीच नको, कालवांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात. बुटांच्या आत लांब मोजे घाला, नाहीतर आत शिरलेली वाळू टाचा सोलून काढते. पाण्यातून चालताना पाय उचलून टाकण्याऐवजी वाळूवर घासत सरकवा, म्हणजे तळाशी पडलेल्या पाकटाला (शेपटीत विषारी काटा असलेल्या चपट्या माशाला) सुगावा लागतो आणि तो निघून जातो. कापलंच तर गोड्या पाण्याने भरपूर धुऊन आतले कण काढा, जंतुनाशक लावा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं, हे जाण्याआधीच पाहून ठेवा.

वेळेचं गणित नीट समजून घ्या, अपघात होतात ते याच्यातच. कोष्टकातल्या ओहोटीच्या वेळेआधी दोन तास चालायला सुरुवात करायची. पाणी मागे हटत जातं, आपण त्याच्या मागोमाग पुढे. ओहोटीची वेळ झाली की तोंड किनाऱ्याकडे. पंधरा-वीस मिनिटं इकडेतिकडे चालतील, त्याहून जास्त नाही. कारण भरती सारख्या वेगाने चढत नाही. सहा तासांचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग पाणी चढतं, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. समजा त्या दिवशी ओहोटी-भरतीतला फरक ४.८ मीटर आहे. पहिल्या तासात पाणी ४० सेंटीमीटर चढेल, दुसऱ्यात ८०, आणि तिसऱ्या तासात १ मीटर २० सेंटीमीटर. पहिल्या तासात माणूस म्हणतो, ‘अजून कुठे चढलंय?’ तिथेच फसतो. सपाट जमिनीवर पाणी समोरूनच येतं असंही नाही. आधी ते तुमच्या पाठीमागच्या ओघळींमध्ये भरतं. समोर खडक उघडा दिसत असतो आणि परतीची वाट कमरेइतक्या पाण्यात गेलेली असते. वाटाड्या ‘चला’ म्हणाला की चला, ‘एकच फोटो’ म्हणू नका.

माणशी दोन लिटर पाणी, रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, मीठ-साखर पाण्याची पुडी, मोबाइलसाठी पाणी न शिरणारी पिशवी. स्वच्छतागृहाचं काम नाक्यावरच उरकून घ्या, पुढे आडोसा नाही. खाण्याचं म्हणाल तर बडोद्याचा माणूस निघाला की चिवड्याची पिशवी बरोबर असतेच, पण ती गाडीतच राहू दे. खारट खाऊन तहान वाढते आणि उडालेले शेव-पोहे मागे राहतात. दशमी आणि गूळ परत आल्यावर खा.

प्रश्न : मुलाला शाळेच्या प्रकल्पासाठी प्रवाळाचा एखादा मेलेला तुकडा आणि शंख-शिंपले आणायचे आहेत. मेलेलं असेल तर चालतं ना? (प्रतापनगर)

नाही. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे कायद्याच्या लेखी वाघाच्याच रांगेत. वाळलेला पांढरा तुकडा हाही त्याचाच सांगाडा, आणि तो बाळगणं गुन्हा ठरतो. समुद्रकाकडीलाही तेच संरक्षण आहे. साधे रिकामे शंखसुद्धा राष्ट्रीय उद्यानातून उचलायचे नसतात. रिकामा शंख बहुतेक वेळा रिकामा नसतोच, आत शंखवासी खेकडा बिऱ्हाड करून असतो. शंकूच्या आकाराच्या काही शंखांतली गोगलगाय विषारी डंख मारते, ही वेगळी भीती.

प्रकल्पासाठी चांगली गोष्ट सुचवतो. खडकातलं एकच डबकं निवडा, साधारण परातीएवढं. त्याच्याशी दहा मिनिटं उकिडवं बसायचं, सावली पाण्यावर पडू द्यायची नाही, हलायचं नाही. पहिली दोन मिनिटं काहीच दिसत नाही. मग वाळूचा एक कण चालू लागतो, तो खेकडा निघतो. मिटलेलं समुद्रफूल हळूच बोटं उघडतं. ब्रिटल स्टारचा, म्हणजे तारामाशाच्या भाऊबंदाचा, एक सडपातळ हात दगडाखालून बाहेर येऊन चाचपडतो. मुलाने दर मिनिटाला काय दिसलं ते लिहायचं आणि डबक्याचं चित्र काढायचं. कुठल्याही शिंपल्यापेक्षा हा प्रकल्प सरस होईल.

दगड उलटलाच, तर होता तसाच परत ठेवा, तीच बाजू खाली. खालच्या बाजूचे जीव सावलीचे असतात, ऊन लागलं की तासाभरात मरतात. आणखी एक. काही ठिकाणी केंड मासा हातात घेऊन फुगवून दाखवतात. मुलं टाळ्या वाजवतात, पण मासा जिवाच्या भीतीने फुगलेला असतो. वाटाड्याला आधीच सांगा की आम्हाला हे नको. पाहुणे मागतात म्हणून तो दाखवतो, त्याला हौस नसते.

प्रश्न : वडिलांना फार चालता येत नाही. त्यांच्यासाठी काही? (मांजलपूर)

खिजडिया पक्षी अभयारण्य, जामनगरपासून दहा-बारा किलोमीटर. संस्थानच्या काळातल्या बंधाऱ्यामुळे एका बाजूला गोडं पाणी, दुसऱ्या बाजूला खारं. म्हणून दोन्हीकडचे पक्षी एकाच जागी दिसतात. महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत ते गेल्याचं २०२२ साली जाहीर झालं. बंधाऱ्याची वाट सपाट आहे, सकाळी लवकर जा. बेट बघायचीच हौस असेल तर बेट द्वारका: २०२४ च्या फेब्रुवारीत सुदर्शन सेतू खुला झाल्यापासून तिथे बोटीची चढउतार राहिली नाही, गाडी थेट जाते.

प्रश्न : क्रॅब प्लोव्हर आणि रोहित पक्ष्यांचे फोटो काढायचे आहेत. महिना कोणता, वेळ कोणती, ड्रोन चालेल का? (छायाचित्रकार, अलकापुरी)

महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. वेळ मात्र प्रवाळाच्या नेमकी उलटी. ओहोटीत पक्षी किलोमीटरभर पसरलेल्या चिखलावर विखुरतात आणि कितीही मोठी लेन्स असली तरी ठिपकेच हाती लागतात. भरती चढू लागली की पाणीच त्यांना किनाऱ्याकडे ढकलत आणतं. म्हणून पूर्ण भरतीच्या दीड-दोन तास आधी जागेवर बसा, सूर्य पाठीशी येईल अशा बाजूला, आणि पक्ष्यांना तुमच्याकडे येऊ द्या. तुम्ही चार पावलं पुढे गेलात तर थवा उडतो, आणि भरतीत त्याला टेकायला दुसरी जागा उरलेली नसते. एकाच दिवसात प्रवाळ आणि पक्षी दोन्ही साधायचे तर मध्ये सहा तास जातात, हे धरून चाला.

खाऱ्या वाऱ्याने लेन्सवर मिठाचे कण बसतात. कोरड्या फडक्याने पुसलंत तर काचेवर ओरखडे उठतील. आधी ब्लोअरने उडवा, मग डिस्टिल्ड पाण्यात ओलसर केलेलं मऊ कापड. ट्रायपॉडचे पाय त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा, सांधे उघडून. नाहीतर पुढच्या खेपेला ते उघडणार नाहीत.

ड्रोन घरी ठेवा. संरक्षित क्षेत्र आहे, शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने आहेत, जामनगरला हवाई दलाचा तळ आहे. विनापरवाना उडवलंत तर फोटो राहोत, ड्रोनही परत मिळणार नाही.

प्रश्न : सौराष्ट्र मेलचं बडोद्याहून आरक्षण करताना काही खास काळजी? (रावपुरा)

तारीख. ही गाडी मुंबईहून रात्री निघते आणि बडोद्याला मध्यरात्र उलटल्यावर येते. शुक्रवारी रात्री जेवून स्टेशनवर जायचं असेल तर तिकीट शनिवारच्या तारखेचं हवं. शुक्रवारचं काढणाऱ्याची गाडी आदल्या रात्रीच गेलेली असते, आणि उधाणाचा दिवसही तिच्याबरोबर. जामनगरला पोचेपर्यंत सकाळ बरीच वर आलेली असते, त्यामुळे त्याच दिवशीची सकाळची ओहोटी मोजू नका. मोटारीने गेलात तर सुमारे ४०० किलोमीटर आहेत. आदल्या दिवशी जाऊन जामनगरला मुक्काम करा.

प्रश्न : याहून दूरची, खरीखुरी निर्जन बेटं बघायची आहेत. अंदमानातली नारकोंडम, बॅरन, जमलं तर पॅसिफिकमधलं मिडवे. कुठून सुरुवात करू? (सयाजीगंज)

मिडवेचं पहिल्यांदा, कारण उत्तर छोटं आहे: जाता येत नाही. तिथे लेसन अल्बट्रॉसची जगातली सर्वांत मोठी वसाहत आहे. १९५६ साली कडी घातलेली ‘विज्डम’ नावाची मादीही तिथलीच. पण पर्यटकांसाठीचा कार्यक्रम अमेरिकेच्या वन्यजीव खात्याने २०१२ च्या अखेरीस थांबवला. आता संशोधक, कर्मचारी आणि निवडलेले स्वयंसेवक जातात. त्या भागातल्या बेटांवर जाणाऱ्यांचे कपडेसुद्धा नवे कोरे किंवा दोन दिवस डीप फ्रीजरमध्ये ठेवलेले लागतात, कारण मोज्याला चिकटलेलं एक बी किंवा शिवणीतला एक किडा बेटाचं नुकसान करायला पुरतो. पिरोटन-नराराला असा नियम नाही, तरी बूट घरून घासून न्यायला कोणाची हरकत आहे?

नारकोंडमचा धनेश जगात फक्त त्या एका, जेमतेम ७ चौरस किलोमीटरच्या बेटावर आहे. अभयारण्य आहे, पोलीस चौकी आहे, प्रवासी बोट नाही. प्रशासन आणि वनखातं यांच्या परवानग्या अभ्यासकांनाही सहज मिळत नाहीत. बॅरन हा देशातला एकमेव जागृत ज्वालामुखी. तो बोटीतून बघायचा, उतरायचं नाही. अंदमानात सुरुवात करायची तर चिडिया टापू आणि बाराटांगजवळचं पोपटांचं बेट धरा. पोपट संध्याकाळी थव्यांनी मुक्कामाला येतात. परतीचा प्रवास अंधारात होतो, तेव्हा बाराटांगला राहण्याची सोय आधी करा.

लक्षद्वीपला प्रत्येक पाहुण्याला प्रवेश परवाना लागतो. अर्जात बेटांची नावं लिहावी लागतात आणि नंतर ती बदलत नाहीत, तेव्हा फॉर्म भरण्याआधी जहाजाचं वेळापत्रक समोर ठेवा. कवरत्तीच्या वायव्येला पिट्टी हा सुरय पक्ष्यांच्या विणीचा वाळूचा पट्टा आहे, त्याचं नाव मात्र त्या अर्जात लिहू नका.